शाबितीचा बोजा कोणावर? : अमेरिकेंतील मताधिकाराची साठ वर्षें

एखाद्या राष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासांतील वळणें सांगावयाचीं म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें बहुधा युद्धें, हत्या आणि निवडणुकींतील जय-पराजय हींच येतात. अमेरिकेच्या बाबतींत १९६३ सालचा अध्यक्ष केनेडी यांचा खून, १९७४ सालचा निक्सन यांचा राजीनामा, २००१ सालचा न्यूयॉर्कवरील हल्ला, २००८ सालची ओबामा यांची निवड, अशी मालिका कोणीहि सांगूं शकेल. आज मला यांपैकीं कोणत्याहि प्रसंगाविषयीं बोलावयाचें नाहीं. मला बोलावयाचें आहे तें एका कायद्याविषयीं. तो ६ ऑगस्ट १९६५ रोजीं अमलांत आला, आणि २५ जून २०१३ रोजीं त्यांतील सर्वांत तिखट कलम निकामी झालें. हा कायदा मताधिकाराचा होता. परंतु त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न कोणत्याहि हक्काला लागू पडणारा आहे. नागरिकाच्या हक्काविषयीं वाद उत्पन्न झाला, तर आपली बाजू सिद्ध कोणीं करावयाची? नागरिकानें, कीं सरकारनें? वकिलांच्या भाषेंत विचारावयाचें तर, शाबितीचा बोजा कोणावर?

या प्रश्नाचें महत्त्व कळण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपलें व त्याच वर्षीं गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. पुढें १८७० सालीं राज्यघटनेला पंधरावी दुरुस्ती जोडण्यांत आली. वंश, वर्ण किंवा पूर्वीची दास्यावस्था या कारणांवरून कोणाहि नागरिकाचा मताधिकार नाकारतां येणार नाहीं, असें तिनें जाहीर केलें. स्त्रियांना हा अधिकार मिळण्यास १९२० साल उजाडावें लागलें. परंतु दक्षिणेंतील कृष्णवर्णीय पुरुषांनीं तेव्हांपासूनच उत्साहानें मतदान केलें, आणि आपले प्रतिनिधि राष्ट्रीय विधिमंडळांत, म्हणजे काँग्रेसमध्यें, पाठविले. मात्र १८७७ सालीं केंद्र सरकारनें दक्षिणेंतील आपल्या सैन्याचा आधार काढून घेतला, आणि तेथील सत्ता जुन्या गोऱ्या पुढाऱ्यांच्या हातीं पुन्हां गेली. घटनेंतील वाक्य एका अक्षरानेंहि बदललें नाहीं. तें जागच्या जागीं ठेवून त्यांतील प्राण तेवढा काढून घेण्यांत आला.

हें कसें घडलें, हें समजण्यासाठीं तेथील एक रीत लक्षांत घेतली पाहिजे. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपूर्वीं सरकारी माणसांनीं घरोघर जाऊन मतदारांच्या याद्या तयार केल्या. अमेरिकेंत तसें नव्हतें. मत देऊं इच्छिणाऱ्या नागरिकानेंच कचेरींत जाऊन आपलें नांव नोंदवावयाचें, आणि तेथील अधिकाऱ्यानें त्याची पात्रता ठरवावयाची, अशी पद्धति होती. दक्षिणेंतील राज्यांनीं नेमकें हेंच दार अरुंद केलें. मिसिसिपी राज्यानें १८९० सालच्या आपल्या नव्या घटनेंत डोईपट्टीची अट घातली. शिवाय अर्जदाराला त्या घटनेचें कोणतेंहि कलम वाचतां आलें पाहिजे, किंवा वाचून दाखविल्यावर त्याचा योग्य अर्थ सांगतां आला पाहिजे, असा नियम केला. अर्थ योग्य कीं अयोग्य, हें ठरविणार कोण? तर नोंदणी-अधिकारी. एकाला सोपें वाक्य विचारावें आणि दुसऱ्याला घटनेंतील अत्यंत क्लिष्ट कलम विचारावें, याला कसलाच प्रतिबंध नव्हता. कायद्यांत वर्णाचें नांवहि नव्हतें. तें सारें काम अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोंपविलेलें होतें.

लुइझियाना राज्यानें १८९८ सालीं यापुढची पायरी गांठली. ज्यांना स्वतःला, किंवा ज्यांच्या बापाला वा आजोबाला, १८६७ सालच्या आरंभीं मत होतें, त्यांना शिक्षणाची व मालमत्तेची अट माफ करण्यांत आली. त्या वेळीं तेथील कृष्णवर्णीयांना मत नव्हतेंच! या युक्तीचा परिणाम आंकड्यांत पाहावा. त्या राज्यांत १८९६ सालीं १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदारांची नोंद होती. १९०४ सालीं ती १,३४२ वर आली. आजोबांवरून मताधिकार ठरविण्याची ही तऱ्हा सर्वोच्च न्यायालयानें १९१५ सालीं रद्द केली. पक्षांतर्गत निवडणुकींत फक्त गोऱ्यांनाच मत देण्याची पद्धति १९४४ सालीं रद्द झाली. पण प्रत्येक खटल्याला वर्षेंच्या वर्षें लागत, आणि एक कुलूप न्यायालयानें काढावें तों दुसरें लागलेलें असे. या सर्व काळांत शाबितीचा बोजा नागरिकावर होता. कचेरींत त्यानें आपली पात्रता सिद्ध करावयाची, आणि नकार मिळाला तर न्यायालयांत आपल्यावरील अन्यायहि त्यानेंच सिद्ध करावयाचा.

या स्थितीचें एक लहानसें उदाहरण म्हणजे अलाबामा राज्यांतील सेल्मा हें गांव. हें गांव ज्या डॅलस परगण्यांत आहे, तेथें १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत मतदानाच्या वयाचे सुमारें पंधरा हजार कृष्णवर्णीय लोक होते. मतदारयादींत त्यांपैकीं तीन-चारशेंहून अधिक नव्हते. नोंदणीची कचेरी महिन्यांतून दोनच दिवस उघडी असे. अमेलिया बॉयन्टन यांच्यासारखे स्थानिक कार्यकर्ते वर्षानुवर्षें लोकांना अर्ज भरण्यास शिकवीत होते, आणि अर्ज वर्षानुवर्षें नामंजूर होत होते. अर्ज करण्यास जाणाऱ्याला आपली नोकरी जाण्याचें भय असे, तें निराळेंच.

येथें एका धाग्याचा उल्लेख केला पाहिजे, कारण तो आपल्या नागपूरपर्यंत येऊन पोंचतो. जेम्स लॉसन या नांवाचा एक तरुण कृष्णवर्णीय मेथॉडिस्ट १९५३ सालीं नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजांत काम करण्यासाठीं आला. कोरियन युद्धाच्या वेळीं सक्तीची लष्करभरती नाकारल्याबद्दल त्यानें त्यापूर्वींच मायदेशीं तुरुंगवास भोगला होता. नागपुरांत तो सुमारें तीन वर्षें होता. तेथें त्यानें विद्यार्थ्यांना खेळ शिकविले, आणि स्वतः गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. १९५५ सालच्या डिसेंबरांत मॉन्टगोमेरी शहरच्या कृष्णवर्णीयांनीं बसगाड्यांवर बहिष्कार घातल्याची व मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पुढारीपणाची वार्ता त्याला नागपूरच्याच वर्तमानपत्रांतून कळली. लॉसन १९५६ सालीं परतले. पुढल्या वर्षीं किंग यांच्याशीं त्यांची गांठ पडली, आणि किंग यांच्या आग्रहावरून ते दक्षिणेंत नॅशव्हिल येथें गेले. तेथें त्यांनीं विद्यार्थ्यांसाठीं अहिंसक प्रतिकाराचे वर्ग चालविले. शिवी आली, थुंकी आली, मार आला, तर हात न उचलतां जागेवर कसें बसून राहावें, याची तेथें प्रत्यक्ष तालीम होत असे. या वर्गांतून जॉन लुइस, डायेन नॅश, जेम्स बेव्हल व बर्नार्ड लाफायेट हीं तरुण मंडळी तयार झाली, आणि १९६० सालीं त्यांच्या सत्याग्रहानें नॅशव्हिलच्या उपाहारगृहांतील वर्णभेद मोडला. लॉसन यांना मात्र त्यासाठीं आपल्या विद्यापीठांतून हकालपट्टी सोसावी लागली.

पुढें सेल्मा येथें जें घडलें, त्यांत हींच नांवें पुन्हां आढळतात. लाफायेट १९६३ सालीं तेथें जाऊन राहिले. त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत बर्मिंगहॅम येथील एका प्रार्थनामंदिरांत बाँब उडवून चार मुलींचा बळी घेण्यांत आला, तेव्हां नॅश व बेव्हल यांनीं निश्चय केला कीं, या हिंसेला उत्तर म्हणून अलाबामांत मताधिकाराचा लढा उभारावयाचा. १९६५ सालच्या जानेवारींत किंग सेल्मा येथें आले. फेब्रुवारींत जवळच्या मॅरियन गांवीं जिमी ली जॅक्सन हा सव्वीस वर्षांचा निःशस्त्र तरुण पोलिसाच्या गोळीनें जखमी झाला व आठ दिवसांनीं वारला. मग बेव्हल यांनीं राजधानी मॉन्टगोमेरीपर्यंत चालत जाण्याची कल्पना मांडली. ७ मार्च रोजीं सुमारें सहाशें माणसें सेल्माच्या पुलावरून निघालीं. पलीकडे पोलीस उभे होते. त्यांनीं लाठ्या व अश्रुधूर यांनीं जमावाला झोडपून काढलें. अग्रभागीं असलेल्या जॉन लुइस यांच्या कवटीला तडा गेला. त्या रात्रीं एका दूरचित्रवाणी कंपनीनें चालू असलेला चित्रपट थांबवून हीं दृश्यें घरोघर दाखविलीं. तो चित्रपट नाझी पुढाऱ्यांना साहाय्य करणाऱ्या न्यायाधीशांच्या खटल्याविषयींचा होता, हाहि एक योगच. आठच दिवसांनीं, १५ मार्च रोजीं, अध्यक्ष जॉन्सन यांनीं काँग्रेसपुढें येऊन मताधिकाराच्या विधेयकाची मागणी केली.

आतां त्या कायद्याच्या रचनेकडे वळूं. कारण खरें वळण तेथें आहे. तोपर्यंतचे नागरिक-हक्कांचे कायदे म्हणत असत कीं, अन्याय झाला तर सरकारनें किंवा नागरिकानें खटला भरावा. १९६५ च्या कायद्यानें ही वाट बदलली. ज्या राज्यांत वा परगण्यांत १९६४ सालच्या नोव्हेंबरांत वाचन-परीक्षेसारखी अट चालू होती, आणि जेथें मतदानाच्या वयाच्या लोकांपैकीं निम्म्यांनीहि नांव नोंदविलें नव्हतें किंवा मत दिलें नव्हतें, तेथें त्या परीक्षा तत्काळ स्थगित झाल्या. अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, मिसिसिपी, साउथ कॅरोलायना व व्हर्जिनिया हीं राज्यें आणि नॉर्थ कॅरोलायनाचे पुष्कळ परगणे या चाळणींत सांपडले. जरूर पडेल तेथें नांवें नोंदविण्यासाठीं केंद्र सरकारनें आपले अधिकारी पाठवावे, असेंहि ठरलें. परंतु सर्वांत महत्त्वाचें होतें तें पांचवें कलम. या प्रदेशांत निवडणुकीचा कोणताहि नियम बदलावयाचा असेल, मग तो मतदानकेंद्र हलविण्याइतका क्षुल्लक कां असेना, तर त्यासाठीं वॉशिंग्टनची पूर्वसंमति घेतली पाहिजे. आणि या बदलानें वर्णभेद होणार नाहीं, हें त्या राज्यानें सिद्ध केलें पाहिजे. शाबितीचा बोजा नागरिकाच्या खांद्यावरून उतरून राज्याच्या खांद्यावर गेला. पंचाण्णव वर्षांत प्रथमच हें घडलें.

साउथ कॅरोलायना राज्यानें या कायद्याला आव्हान दिलें, तेव्हां १९६६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो उचलून धरला. सरन्यायाधीश वॉरन यांच्या निकालाचा आशय असा कीं, एकेक खटला लढत बसण्यांत वेळ व दिरंगाई यांचा फायदा अन्याय करणारांना मिळत आला; तो फायदा आतां अन्याय सोसणारांच्या पदरीं टाकण्याचा काँग्रेसला अधिकार आहे. परिणाम डोळ्यांत भरण्यासारखा झाला. मिसिसिपींत कायद्यापूर्वीं मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकीं शेंकडा ६.७ लोकांचीच नोंद होती. १९६७ सालीं तें प्रमाण शेंकडा ५९.८ झालें. घटनेच्या वाक्यानें जें शंभर वर्षांत साधलें नाहीं, तें एका यंत्रणेनें दोन वर्षांत साधलें.

मग नवे डाव निघाले. वेगवेगळ्या प्रभागांतून सभासद निवडण्याऐवजीं साऱ्या परगण्याची एकच निवडणूक घ्यावी, म्हणजे बहुसंख्य गोऱ्यांच्या मतांत अल्पसंख्यांचीं मतें बुडून जातील, ही त्यांतलीच एक युक्ति. असे बदलहि पूर्वसंमतीवांचून होणार नाहींत, असा निर्णय १९६९ सालीं झाला. मूळ कलम पांच वर्षांपुरतें होतें. काँग्रेसनें त्याची मुदत १९७०, १९७५, १९८२ आणि २००६ सालीं वाढविली. १९७५ सालीं त्यांत भाषेचाहि विचार आला, आणि इंग्रजी नीट न येणाऱ्या विशिष्ट भाषिक गटांना त्यांच्या भाषेंत मतपत्रिका देण्याची तरतूद झाली. आपल्या दृष्टीनें हें लक्षांत घेण्यासारखें आहे. कारण १९६५ च्याच ऑक्टोबरांत जॉन्सन यांनीं सही केलेल्या दुसऱ्या एका कायद्यानें, राष्ट्रावरून परदेशीयांची संख्या ठरविण्याची जुनी पद्धति मोडली व भारतीयांना अमेरिकेचें दार खऱ्या अर्थानें उघडलें. आज तेथें गांवोगांवीं जीं महाराष्ट्र मंडळें दिसतात, त्यांचा पाया त्या कायद्यानें घातला. आणि शिकागो व न्यूयॉर्क यांच्या कांहीं भागांत हिंदी व बंगाली मतपत्रिका निघूं लागल्या, त्या या मताधिकाराच्या कायद्यामुळें.

अशा स्थितींत २०१३ साल आलें. अलाबामांतील शेल्बी परगण्यानें असें म्हणणें मांडलें कीं, चाळीस वर्षांपूर्वींच्या आंकड्यांवरून कांहीं राज्यांना आजहि वॉशिंग्टनच्या दारांत उभें करणें अन्यायाचें आहे. या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. २००४ सालीं मिसिसिपींत गोऱ्यांची नोंदणी शेंकडा ७२.३ होती, तर कृष्णवर्णीयांची ७६.१. राष्ट्राचा अध्यक्ष कृष्णवर्णीय होता. सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार अशा मतांनीं निकाल दिला कीं, कोणत्या राज्यांना पूर्वसंमति लागेल हें ठरविणारी चाळणी जुनी झाली असून ती घटनेस धरून नाहीं. पांचवें कलम रद्द झालें नाहीं. पण तें लागू करावयाचें कोणाला, हेंच ठरेना, तेव्हां तें असून नसल्यासारखें झालें. विरुद्ध मताच्या निकालांत न्यायमूर्ति गिन्सबर्ग यांनीं जो दृष्टांत दिला, तो प्रसिद्ध आहे: पाऊस पडत असतां आपण भिजत नाहीं, म्हणून छत्री फेंकून द्यावी, तसें हें झालें. काँग्रेसनें २००६ सालीं हजारों पानांचा पुरावा पाहून मुदत वाढविली होती, आणि सीनेटमध्यें त्या वेळीं एकहि मत विरुद्ध पडलें नव्हतें, याचीहि त्यांनीं दखल घ्यावयास लावली.

निकालाच्या त्याच दिवशीं टेक्सास राज्यानें जाहीर केलें कीं, पूर्वसंमति न मिळाल्यामुळें अडलेला आपला छायाचित्राच्या ओळखपत्राचा कायदा आतां अमलांत येईल. त्या कायद्यांत पिस्तुलाचा परवाना चालत असे; विद्यार्थ्याचें ओळखपत्र चालत नसे. त्याच उन्हाळ्यांत नॉर्थ कॅरोलायनानें ओळखपत्राची सक्ति, आगाऊ मतदानाच्या दिवसांत कपात आणि मतदानाच्याच काळांत नांव नोंदविण्यास बंदी, असा एकत्र कायदा केला. २०१६ सालच्या जुलैंत वरिष्ठ न्यायालयानें तो रद्द केला. कृष्णवर्णीय मतदारांवर अचूक नेम धरून तो रचला आहे, असें त्या न्यायालयाला आढळलें. न्याय मिळाला खरा. पण मधल्या काळांत २०१४ ची निवडणूक होऊन गेली होती. होऊन गेलेली निवडणूक परत घेतां येत नाहीं. शाबितीचा बोजा पुन्हां नागरिकावर आल्याचा अर्थ हाच.

दुसरी बाजूहि नमूद केली पाहिजे. ओळखपत्र मागणें ही गोष्ट स्वतः अन्यायाची नव्हे. आपण भारतीय मतदार तर त्याला सरावलेलेच आहोंत. माजी अध्यक्ष कार्टर ज्याचे एक अध्यक्ष होते, त्या मंडळानें २००५ सालीं ओळखपत्राची शिफारस केली होती. मात्र तें मिळविणें सर्वांना सोपें करावें, असेंहि त्यानें सांगितलें होतें. तेव्हां वादाचा मुद्दा ओळखपत्र हा नसून, तें देण्याची जबाबदारी कोणावर, हा आहे. म्हणजे फिरून आपण मूळ प्रश्नावरच येतों.

२०२० सालच्या निवडणुकींत, साथीचा रोग पसरलेला असतांहि, मतदानाचें प्रमाण एका शतकाहून अधिक काळांतील सर्वांत मोठें ठरलें. त्याच निवडणुकीच्या निकालाविरुद्ध अध्यक्ष ट्रम्प यांच्या पक्षानें व पाठीराख्यांनीं साठांहून अधिक दावे केले. ते बहुतेक सर्व फेटाळले गेले, आणि ६ जानेवारी २०२१ रोजीं जमावानें काँग्रेसच्या इमारतींत घुसून मतमोजणी कांहीं तास बंद पाडली. जॉन लुइस तोपर्यंत हयात नव्हते. तेहेतीस वर्षें काँग्रेसचे सभासद राहून ते जुलै २०२० मध्यें वारले. पूर्वसंमतीची चाळणी नव्यानें बसविणारें, त्यांचें नांव दिलेलें विधेयक कनिष्ठ सभागृहांत संमत झालें, पण २०२२ च्या जानेवारींत सीनेटमध्यें अडलें. उलट २०२३ सालच्या जूनमध्यें त्याच सर्वोच्च न्यायालयानें, पांच विरुद्ध चार मतांनीं, अलाबामाचे मतदारसंघ कायद्याविरुद्ध आंखलेले आहेत असें ठरविलें, आणि २०२४ च्या निवडणुकींत त्या राज्यांतून प्रथमच दोन कृष्णवर्णीय प्रतिनिधि एका वेळीं निवडून आले. त्यानंतरहि या कायद्याच्या दुसऱ्या कलमाचा वाद न्यायालयापुढें आलाच. ज्या आधुनिक राष्ट्रानें लिखित घटनेचा पाठ जगाला दिला, तेथें मत कोणीं व कसें द्यावें, हा वाद अद्याप चालूच आहे.

जेम्स लॉसन २०२४ च्या जूनमध्यें पंचाण्णव वर्षांचे होऊन निवर्तले. नागपूर सोडून त्यांना सदुसष्ट-अडुसष्ट वर्षें झालीं होतीं. त्यांच्या शिष्यांनीं मिळविलेलें कलम त्यांच्या डोळ्यांदेखत निकामी झालें होतें. यावरून सारा खटाटोप व्यर्थ गेला, असें मात्र समजूं नये. मिसिसिपींतील ती शेंकडा सहाची यादी पुन्हां आलेली नाहीं. परंतु या इतिहासांतून एक गोष्ट स्पष्ट होते. हक्काचा कायदा वाचतांना आपण पहिल्या कलमांतील उदात्त शब्दांकडे पाहतों. त्याऐवजीं, तो हक्क नाकारला गेल्यास कचेरीच्या खिडकीपाशीं पुरावा कोणीं द्यावयाचा, आणि निकाल लागेपर्यंत नुकसान कोणाचें व्हावयाचें, हें सांगणारें मागचें लहानसें कलम आधीं शोधावें. १८७० च्या घटनादुरुस्तींत तें नव्हतें. १९६५ च्या कायद्यांत तें होतें. २०१३ नंतर तें उरलें नाहीं. अमेरिकेच्या या साठ वर्षांतील सर्वांत मोठीं दोन वळणें त्या एका कलमाच्या येण्याजाण्यांत आहेत.